तीस सेकंदांची जुनी पट्टी
झोपेतल्या मेंदूलहरींचा आलेख आपण संगणकाकडे सोपवला, पण हातात पट्टी दिली ती कागदाच्या काळातलीच. सेकंदाला 10 मिलिमीटर वेगाने कागद सरकला की 30 सेंटिमीटरच्या पानावर 30 सेकंदांची झोप मावायची. 1968 साली रेख्टशाफन आणि केल्स यांच्या नियमावलीने हेच एकक रूढ केले, 2007 च्या अमेरिकी नियमांनीही ते राखले. मेंदू काही पान उलटायची वाट पाहत नाही. 11 ते 16 हर्ट्झच्या ‘स्पिंडल’ लहरींचा झुबका सेकंद-दोन सेकंदांत उमटून विरतो. संथ लहरींनी 30 पैकी 6 सेकंद व्यापले की अख्खा तुकडा गाढ झोपेचा ठरतो. 28 व्यापले तरी शेरा तोच. लहरी वारंवारतेनुसार सुट्या करणाऱ्या फूरिये किंवा वेव्हलेट या गणिती पद्धतींनी हा फरक सहज मोजता येतो. डॉक्टरांना सामायिक परिभाषा हवी, हा आक्षेप रास्त आहे. निदानापुरते शेऱ्यांनी ठरणारे झोपेचे टप्पे खुशाल राहोत. पण प्रशिक्षित तज्ज्ञांचेही साधारण पाचातल्या एका तुकड्यावर एकमत होत नाही. तेव्हा माणसाच्या शेऱ्याशी जुळणे हीच संगणकाची परीक्षा मानणे (आणि ती उत्तीर्ण झाल्याच्या जाहिराती करणे) चूक आहे. अहवालात टप्प्यांशेजारी लहरींची सलग मोजणीही छापली पाहिजे.