शिकाऊ किती वर्षे?

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. आय.टी.आय.मधून फिटरचा ट्रेड चांगल्या गुणांनी पास झालेला, अकोल्याकडचा. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार कागद काढले. चारही कागद एकाच कारखान्याचे, चार वेगवेगळ्या वर्षांचे. चारही कागदांवर हुद्दा मात्र एकच: ट्रेनी. अकरा महिने काम, मग पंधरा दिवस घरी, मग नवा कागद.

"भाऊ, मशीन मीच चालू करतो, बिघडली तं मीच उघडतो. नवे पोरं आले तं त्याईले मीच शिकवतो. मंग मले शिकाले अजून किती वर्सं लागतेत, ते तं सांगा!"

आम्ही पडलो कारकून. कागद वाचणे हा आमचा रोजचाच धंदा. ते चारही कागद आम्ही उलटेपालटे करून पाहिले. शिकाऊ उमेदवारीच्या कराराची नोंदणी कुठेच नाही, किती महिन्यांत काय शिकवणार याचा उल्लेख नाही, पी.एफ.ची कपात नाही. बाजूला त्याची आई उभी होती. ती एवढेच म्हणाली, "पोरगी पाहाले गेलो तं लोक इचारतेत, पोरगा परमनंट हाये का?" आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. म्हणून हा विषय आज सगळ्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

अलीकडे 'उद्योगाला पोषक वातावरण' हा शब्द पुढाऱ्यांच्या प्रत्येक भाषणात असतो. पोषक वातावरण म्हणजे काय? जमीन स्वस्त, वीज सवलतीत, रस्ता रुंद, करात सूट आणि परवानगी झटपट. आमच्या वऱ्हाडाला यातले बरेच काही उशिरा का होईना मिळाले आहे. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरात सवलत दिली गेली. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरहून शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये थेट मुंबईच्या बाजूपर्यंत खुला झाला. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान उडाले. केंद्राच्या पी.एम. मित्र योजनेत देशभरातून निवडलेल्या सात वस्त्रोद्योग उद्यानांपैकी एक अमरावतीजवळ नांदगाव पेठला मंजूर झाले. सुमारे १,००० एकरांच्या या उद्यानाचे भूमिपूजन पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून केले. अशा प्रत्येक उद्यानातून १ लाख प्रत्यक्ष आणि २ लाख अप्रत्यक्ष रोजगार निर्माण होतील, असे सरकार सांगते.

चांगली गोष्ट आहे. उद्योग आले पाहिजेत. कापूस आमचा आणि कपडा दुसऱ्याचा, हे दीडशे वर्षांचे दुखणे आहे. अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जाणारा कापूस एकेकाळी थेट लिव्हरपूलच्या बाजारात विकला जात होता. आमच्या आज्या-पणज्यांनी तो वेचला, जिनिंगमध्ये त्याचे गठ्ठे वाहिले. त्यापलीकडे त्यांना कोणी जाऊ दिले नाही.

कौशल्याला लागलेले कुलूप

"तुमच्या पोरांजवळ स्किल नाही," असे आज सहज म्हटले जाते. या वाक्याचा इतिहास आपल्या मुलांना माहीत असला पाहिजे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त होता. पण धोट्यातून धागा ओढायला तो तोंडाने चोखावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. त्याने कमी पगाराच्या कताई खात्यात राहायचे. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. म्हणजे आमच्या माणसाला काम येत नव्हते असे नाही. काम शिकण्याच्या जागेलाच कुलूप होते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तांत्रिक शिक्षणाच्या योजना आणि सेवायोजन कार्यालये हे विषय त्यांच्याच खात्यात होते. त्याच काळात, १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराला हुन्नर मिळाला पाहिजे आणि हुन्नर मिळवणाऱ्याचे शरीरही टिकले पाहिजे, हे दोन्ही विचार त्यात होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगण्यात आले. पण बारा तास उभे राहून घरी येणारा मुलगा रात्री पुस्तक उघडेल काय, याचा विचार कोणी केला?

अनुभवी हात रिकामे

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यांतली. अकोल्याची सावतराम मिल आणि मोहता मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे आल्या. आज तिथला भोंगा वाजत नाही. मुंबईची फिनले मिल अचलपूरला आणली गेली. ती मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून तिचे कामगार झगडत आले आहेत. अचलपूर ते नांदगाव पेठ हे अंतर एस.टी.ने फार तर दोन तासांचे. इकडे कताईचे काम जाणणारे अनुभवी हात रिकामे बसलेले आणि तिकडे उद्यानासाठी 'कुशल मनुष्यबळ' हवे म्हणून योजना आखल्या जातात! या जुन्या कामगारांची यादी करून, वयाची अट बाजूला ठेवून, त्यांना शिक्षक म्हणून का घेऊ नये? एका जुन्या जॉबरला पाच मुले जोडून दिली, तर वर्षभरात पाच कारागीर तयार होतील.

त्यांचीही तक्रार ऐकू या

मालकांचे म्हणणे अगदीच खोटे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. एका लहान डाळमिलच्या मालकाने आम्हाला सांगितले, "मुलगा तयार केला की तो पुण्याला चाकणला पळतो. मग मी शिकवू कशाला?" त्यांचा खर्च वाया जातो हे खरे. पण मुलगा पळतो कशासाठी? चाकणला खोलीभाडे देऊन, मेसचा डबा खाऊनही त्याच्या हातात जास्त उरते म्हणून. पगार वाढवा आणि कायम करण्याची तारीख सांगा, मग आई-वडिलांचे घर सोडून कोण जाईल?

आपल्याकडेही एक चूक आहे. आपण बी.ए., बी.कॉम.च्या मागे धावलो. आम्ही स्वतःच बी.कॉम. आहोत, म्हणून हे बोलण्याचा आम्हाला अधिकार आहे. पदवी घ्यावीच. पण आय.टी.आय.ला जाणारा मुलगा म्हणजे कमी डोक्याचा, ही समजूत ज्यांनी हाताच्या कामाला हलके ठरवले त्यांची आहे. ती आपल्या घरात कशाला हवी? दुसरी चूक म्हणजे कसल्याही तीन महिन्यांच्या कोर्सचे प्रमाणपत्र घेऊन स्वस्थ बसणे. मशीनवर हात बसल्याशिवाय प्रमाणपत्राला किंमत नाही.

राज्य सरकारनेही २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास असणाऱ्याला ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिने होती, ती पुढे अकरा महिन्यांवर गेली. त्यानंतर काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थी रस्त्यावर येऊन विचारू लागले. शिकवण्याचा खर्च सरकारने उचलला, काम करून घेणाऱ्याने मात्र पुढचा शब्द दिला नाही.

आता करायचे काय?

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या. मात्र खऱ्या शिकाऊ उमेदवाराचा करार नोंदवलेला असतो, त्याला मुदत असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर उमेदवारी संपलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवायचे आहे. म्हणून कागदावर सही करण्याआधी प्रत्येक मुलाने व मुलीने तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या कराराची नोंदणी झाली काय? मुदत संपल्यावर परीक्षा आणि प्रमाणपत्र कोणते? मागच्या तुकडीतले किती जण कायम झाले?

नोंदणी नसेल आणि वर्षानुवर्षे पूर्ण पाळीचे काम करून घेतले जात असेल, तर ते शिक्षण नव्हे. ती स्वस्त मजुरी आहे. हजेरीची नोंद, पगार जमा झाल्याचे बँकेचे पासबुक, गेटपासची झेरॉक्स जपून ठेवावी आणि पी.एफ. व कामगार कार्यालयात लेखी विचारणा करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत नेमणुकीचे पत्र देणे बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. या संहितांवर कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत, पण जे मिळते ते पदरात पाडून घ्यायला कागद हातात लागतो.

शासनाकडेही एक मागणी करू या. प्रोत्साहन योजनेचा लाभ घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत, अशी अट आहे. पण 'स्थानिक' म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला. म्हणजे नांदगाव पेठेत पुण्याचा माणूसही स्थानिकच! ८० टक्क्यांचा आकडा पूर्ण दिसतो, आणि शेजारच्या गावातला मुलगा गेटवर शिट्टी घेऊन उभा असतो. म्हणून सवलत देताना जिल्ह्यातले किती आणि कोणत्या कामावर, हे विचारले जावे. मशीनवर किती, सुपरवायझर किती आणि झाडू-हमालीला किती, असे तीन रकाने करून तो तक्ता दरवर्षी जाहीर व्हावा. जनतेच्या पैशातून सवलत घेणाऱ्याने जनतेला हिशेब द्यावा, यात उद्योगाच्या विरोधातले काही नाही. उलट ज्या गावात माणूस टिकतो, त्याच गावात कारखाना टिकतो.

तो फिटर मुलगा येत्या रविवारी पुन्हा येणार आहे. या वेळी त्याच्याबरोबर त्याच कारखान्यातले आणखी सहा जण येणार, असा निरोप आला आहे. सगळ्यांचे कागद एकत्र लावून अर्ज लिहायचा आहे. अर्ज लिहिणे आम्हाला जमते. ज्यांच्या घरी असे 'ट्रेनी' असतील त्यांनीही कागद घेऊन यावे. आणि त्या माउलीला आम्ही एवढेच सांगितले आहे की, बाई, तुमचा पोरगा केव्हाच शिकला. आता मालकाला हिशेब शिकवायचा आहे.