नाव ठेवणारे आणि नावे ठेवणारे

नामकरणाला जमलेले लोक मुलाचे नाव ठेवतात आणि जेवून परतताना यजमानांना नावे ठेवतात. एका मात्रेचा फरक, पण दोन्ही कामे आपण सारख्याच उत्साहाने करतो. लंडनच्या लोकल गाड्यांचे नामकरण झाले तेव्हा तिथल्या लोकांनीही वेगळे काही केले नाही.

लंडनची भुयारी रेल्वे वाचकांना ऐकून माहीत असेल. तिच्याखेरीज बहुतेक जमिनीवरून धावणाऱ्या गाड्यांचे 'ओव्हरग्राउंड' नावाचे एक जाळे तिथे २००७ पासून आहे. मार्ग सहा, पण नकाशावर सगळे एकाच नारिंगी रंगाचे आणि एकाच नावाचे. 'ओव्हरग्राउंडला उशीर' अशी घोषणा झाली की उशीर आपल्या गाडीला की दुसऱ्याच्या, हे कळत नसे. फलाटावर ताटकळत 'मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत' एवढेच ऐकणाऱ्या आमच्या वाचकांना ही अडचण समजावून सांगायला नको.

तेव्हा नावे हवीच होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी महापौर सादिक खान यांनी ती जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पाट्या बदलू लागल्या. वेम्बली मैदानाजवळून जाणारा मार्ग 'लायनेस', म्हणजे सिंहीण. २०२२ साली युरोपचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाचे हे टोपणनाव. मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या स्त्रियांवरून 'सफ्रजेट'. पूर्व लंडनच्या कापडधंद्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या परदेशी कारागिरांवरून 'वीव्हर', म्हणजे विणकर. एड्सच्या रोग्याला लोक शिवायलाही तयार नव्हते त्या काळात ज्या छोट्या रुग्णालयाने त्यांची सेवा केली, त्यावरून 'मिल्डमे'. एक 'लिबर्टी', जेमतेम तीन स्थानकांचा. आणि सहावा 'विंडरश'. त्याच्याकडे आम्ही शेवटी येतो.

खर्च ६३ लाख पौंड. झाले, नावे ठेवायला सुरुवात! एवढ्या पैशांत गाड्या वेळेवर सोडल्या असत्या, असे काहींचे म्हणणे. मे महिन्यात महापौरपदाची निवडणूक होती, त्यामुळे विरोधकांना यात दिखाऊ राजकारण दिसले. खर्चाचा प्रश्न रास्त आहे, करदात्याने तो विचारलाच पाहिजे. पण राजकारणाचा आरोप आम्हाला पटत नाही. त्याच शहरात व्हिक्टोरिया, ज्युबिली आणि एलिझाबेथ असे तीन मार्ग राजघराण्याची आठवण सांगतात. ज्युबिलीचे आधी ठरलेले नाव 'फ्लीट' होते. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी ते बदलले, आणि मार्ग उघडला तो महोत्सव उरकल्यावर दोन वर्षांनी, १९७९ साली. राणीचे नाव ती परंपरा आणि विणकराचे नाव ते राजकारण, हा कुठला न्याय? नावाला किंमत नसते, असे निदान आमच्या वाचकांना तरी कोणी सांगू नये.

बाकी लोकांना नवे नाव प्रथम रुचत नाही, हे जुनेच आहे. बेकर स्ट्रीट आणि वॉटर्लू जोडून 'बेकर्लू' हे नाव १९०६ साली रूढ झाले, तेव्हा रेल्वेविषयक एका मासिकाने ते गटारी ठरवले होते. आज ते लंडनकरांच्या तोंडात आहे. याउलट सप्टेंबर २०२३ मध्ये बाँड स्ट्रीट स्थानकाच्या पाट्यांवर काही दिवस एका उंची कपड्यांच्या कंपनीचे नाव झळकले, तर प्रवासी गोंधळले. आपले स्थानक आले की नाही हेच कळेना! विकत घेतलेल्या नावापेक्षा विणकर बरा.

आता विंडरश. त्या नावाच्या जहाजातून २२ जून १९४८ रोजी कॅरिबियन बेटांवरची शेकडो माणसे इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांच्यामागून हजारो आली. कोणी रुग्णालयात, कोणी बसवर, कोणी रेल्वेत कामाला लागले. लंडनच्या वाहतूक खात्याने १९५६ पासून थेट बार्बाडोसला जाऊन भरती केली. म्हणजे ज्या शहराच्या गाड्या यांनी चालवल्या, त्या शहराने गाडीला यांचे नाव दिले. चांगलेच केले.

पण आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. आमच्या जमाखर्चात 'नावे' या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्याच्या नावे रक्कम पडली, त्याच्याकडून येणे असते. २०१८ साली उघड झाले, की याच लोकांना पन्नास-पन्नास वर्षांनी सरकारने रहिवासाचे कागद मागितले होते. कागद नाहीत म्हणून कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधपाणी थांबले, काहींना देशाबाहेर काढले. २०१९ साली भरपाईची योजना निघाली. ती इतकी रेंगाळली, की काही दावेदार पैसे हाती पडण्यापूर्वीच वारले. वहीच्या हिशेबाने ही रक्कम सरकारच्या नावे आहे. पाटीवर नाव मात्र लोकांचे लागले आहे. महापौरांचे खाते वेगळे आणि गृहखाते वेगळे, हे आम्हाला कळते. प्रवाशाला गाडी एकच दिसते.

कारकुनाला न विसरता येणारी एक गोष्ट अशी. ही माणसे बोटीवरून उतरली तेव्हा भरलेली कार्डे सरकारने कितीतरी वर्षे जपली होती. आल्याची तारीख त्यांवर होती. २०१० साली ती नष्ट करण्यात आली. त्याआधी ती लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमधल्या एका सरकारी कचेरीच्या तळघरात होती.

विंडरश मार्गाची एक शाखा वेस्ट क्रॉयडनला संपते.