चला, इंग्रजी बोलू या! : ‘यूस्ड टू’ची दोन घरं

बालमित्रांनो, आजचे आपले पाहुणे आहेत ‘यूस्ड टू’. दिसायला अगदी साधे. पण चांगली इंग्रजी बोलणारी मोठी माणसंसुद्धा यांच्यापाशी अडखळतात. कारण हे पाहुणे दोन घरांत राहतात आणि दोन्ही घरांत त्यांचा अर्थ वेगळा!

आधी उच्चार. ‘यूज’ला शेवटी ‘डी’ लावायचा, पण बोलताना झटकन ‘यूस्टू’ म्हणायचं. ‘वापरला’ या अर्थाचा शब्दही त्याच अक्षरांनी लिहितात, पण त्याचा उच्चार होतो ‘यूझ्ड’. ‘कॉपर इज यूझ्ड टु मेक अ बंब.’ म्हणजे बंब बनवायला तांबं वापरतात. हा आपला पाहुणा नव्हे, त्याचा जुळा भाऊ! त्याला आज बाजूला बसवू.

आता पहिलं घर. पूर्वी नेहमी घडायचं आणि आता घडत नाही, अशी गोष्ट सांगायची असेल तर ‘यूस्ड टू’ आणि पुढे साधं क्रियापद. मराठीत आपण म्हणतो ‘जायचो, खेळायचो, राहायचो’. पुस्तकी भाषेत ‘जात असे, खेळत असे’. तिथे हा शब्द चपखल बसतो.

आपल्या कसबा पेठेतलंच उदाहरण घ्या. तांबट आळी तुम्हांला ठाऊक आहेच. पूर्वी पुष्कळ घरांत आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं. आता गीझर आले. म्हणून, ‘पीपल यूस्ड टू हीट वॉटर इन अ कॉपर बंब.’

दुसरं उदाहरण तुमच्या अभ्यासाचं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते २००० सालच्या जूनपासून. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. माझी ‘एबीसीडी’ही शाळेत पाचवीतच सुरू झाली. म्हणून, ‘चिल्ड्रन यूस्ड टू बिगिन इंग्लिश इन द फिफ्थ स्टँडर्ड.’ त्याच्याही आधीच्या पिढ्या ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ घेऊन बसायच्या. आजोबांना विचारा, एखादा भाग अजून माळ्यावर सापडेल!

आता नीट लक्ष द्या. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा : ‘मी रोज बसने शाळेत जातो’ याला पुष्कळ जण ‘आय यूज टू गो टू स्कूल बाय बस’ म्हणतात. चूक! रोजची, आत्ताची गोष्ट असेल तर सरळ ‘आय गो टू स्कूल बाय बस.’ बस. ‘यूस्ड टू’ला वर्तमानकाळाचं रूपच नाही.

दुसरा खड्डा : एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘यूस्ड टू’ लावायचं नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ‘द डॅम यूस्ड टू बर्स्ट’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल की ते दर पावसाळ्यात फुटायचं! इथे फक्त ‘द डॅम बर्स्ट इन १९६१’. तसंच, किती वर्षं ते मोजून सांगायचं असेल तरी साधा भूतकाळच वापरा : ‘आय लिव्ह्ड इन कसबा पेठ फॉर टेन इयर्स.’

तिसरा खड्डा : प्रश्न विचारताना किंवा नकार देताना ‘डिड’ आला की शेवटचा ‘डी’ गळतो. ‘डिड यू यूज टू प्ले मार्बल्स?’ ‘नो, आय डिडन्ट यूज टू प्ले मार्बल्स.’ बोलताना फरक कानाला कळत नाही, पण वहीत मात्र दिसतो.

आता चला दुसऱ्या घरात. इथे ‘यूस्ड टू’च्या आधी ‘अॅम, इज, आर’ यांपैकी कुणीतरी उभं असतं. अर्थ होतो ‘सवय असणे’. पुढे नाम येतं, नाहीतर क्रियापदाला ‘इंग’ची शेपटी लागते. तांबट आळीत हातोडीचे ठोके सुरू झाले की नवखा माणूस कानांवर हात ठेवतो. तिथल्या लोकांना मात्र त्याचं काहीच वाटत नाही. ‘दे आर यूस्ड टू द साउंड ऑफ हॅमर्स.’ किंवा, ‘दे आर यूस्ड टू हिअरिंग हॅमर्स.’

आणि सवय हळूहळू होत असेल तर? तर ‘गेट यूस्ड टू’. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. आपल्या पेठेच्या नावाचं स्टेशनही झालं. सुरुवातीला त्या खोल सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला काही आज्यांना धीर होत नसे. आता त्या नातवाच्या पुढे असतात! ‘दे गॉट यूस्ड टू द एस्कलेटर.’

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा काथ्याकूट कशाला? अर्थ तर कळतो ना!

नेहमी नाही कळत. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा वाडा पाडून तिथे नवी इमारत व्हायची होती, म्हणून घरची सगळी लांब एका सोसायटीत राहायला गेली. ‘माय होम’ या निबंधात तिने लिहिलं, ‘आय अॅम यूस्ड टू लिव्ह इन अ वाडा.’ दोन्ही घरांची भेसळ! दुरुस्ती दोन तऱ्हांनी होऊ शकत होती. ‘अॅम’ खोडला तर अर्थ होतो ‘मी पूर्वी वाड्यात राहायचे.’ ‘लिव्ह’चं ‘लिव्हिंग’ केलं तर ‘मला वाड्यात राहायची सवय आहे.’ यातलं तिच्या मनात काय होतं, हे माझ्या लाल पेनाला कसं कळणार? मी तिलाच विचारलं.

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “बाई, दोन्ही.” मग खाली बसून तिने दोन वाक्यं लिहिली : ‘आय यूस्ड टू लिव्ह इन अ वाडा. आय अॅम नॉट यूस्ड टू द लिफ्ट यट.’ म्हणजे, ‘मी वाड्यात राहायचे. लिफ्टची मला अजून सवय नाही.’

पाहिलंत? पहिल्या वाक्यात गेलेलं घर आहे, दुसऱ्यात न रुळलेलं मन. मनातलं नेमकं सांगता यावं, एवढ्यासाठीच व्याकरण शिकायचं.

आता तुमचा गृहपाठ. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, “तुम्ही माझ्याएवढे असताना काय काय करायचात?” त्यांच्या उत्तरांतून ‘यूस्ड टू’ची पाच वाक्यं लिहा. मग स्वतःच्या सवयींची तीन वाक्यं ‘आय अॅम यूस्ड टू’ने लिहा. पालकहो, वाक्यं तुम्ही सांगू नका. गोष्टी मात्र भरपूर सांगा. एखादा ‘डी’ राहिला तर रागावू नका. आठ दिवस रोज बोलत राहिलं की जीभ आपोआप वळते.

तेव्हा इंग्रजीत काय म्हणाल? बरोबर! ‘यू विल गेट यूस्ड टू इट.’