निरामिष आमिष

आषाढातील एका रविवारी सकाळी आमच्या घरी मोठाच गोंधळ उडाला. धाकट्या सूनबाईंनी कपडे भिजवावयास घेतले, तो चिरंजीवांच्या विजारीच्या खिशातून एक हिरवागार, पिवळ्या पोटाचा बेडूक खाली पडला. त्यांच्या किंकाळीसरशी माजघरातील सारी मंडळी न्हाणीपाशी धावली. बेडूक मात्र जागचा हालेना. थोरल्या सूनबाईंनी धीर करून केरसुणीच्या टोकाने त्यास ढकलले, तेव्हा त्याच्या पाठीस चिकटून असलेले दोन पोलादी आकडे दिसले आणि हा बेडूक रबरी आहे असा उलगडा झाला. एवढ्यात बेडकाचे मालक, आमचे नातू, स्वतःच तेथे हजर झाले.

"अगं आजी, मासे धरण्याचं आमिष आहे ते."

"आमिष? आणि ते या घरात?" आमच्या सौभाग्यवतींचा आवाज चढला.

"पण हे आमिष निरामिष आहे, आजी! यात मांसाचा कणसुद्धा नाही."

पोराच्या या कोटीवर सगळे हसले; मलाही हसू आवरेना. तथापि हसण्याने प्रश्न सुटत नसतो. ज्या घरात मासा कधी शिजला नाही, त्या घरातील मुलाने गळ घेऊन पाण्यावर जावे काय, हा खटला दुपारच्या जेवणानंतर रीतसर माझ्यापुढे आला. मी नातवास म्हटले, "आधी तुझी पेटी आण आणि एकेका वस्तूचा उपयोग सांग. विषय समजून न घेता निकाल देणे मास्तराला शोभत नाही."

पेटी उघडली आणि माझ्या अज्ञानाचे माप माझ्या पदरात पडले. आपल्याकडे गरवणे म्हणजे काठी, तंगूस, गरी आणि गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढेच मी पाहिलेले. येथे मात्र रंगीबेरंगी, लिबलिबीत जिनसांचा बाजार भरला होता. त्यातील ज्येष्ठ म्हणजे गांडूळ. १९४९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन शहरी, निक क्रीम नावाच्या गृहस्थाने मऊ प्लास्टिकचे गांडूळ साच्यात ओतून विकावयास काढले. तोवर कृत्रिम आमिषे बहुधा लाकडाची वा धातूची असत. कठीण वस्तू तोंडात येताच मासा ती थुंकून टाकतो. मऊ वस्तू तो क्षणभर अधिक धरून ठेवतो, आणि त्या क्षणातच गळ टाकणाऱ्याचे काम होते. एवढ्या लहानशा गोष्टीवर पुढे केवढा धंदा उभा राहिला! आकड्याचे टोक गांडुळाच्याच अंगात परत खुपसून ठेवले म्हणजे ते शेवाळात वा मुळ्यांत अडकत नाही. या युक्तीस टेक्सास पद्धत असे नाव आहे.

दुसरी जिन्नस अळीसारखी, शेपटीशी कोयत्याप्रमाणे वळलेली. किंचित ओढ मिळाली की ती शेपटी फडफडू लागते. तिसरी म्हणजे मासोळी. तिच्या शेपटाच्या टोकास चपटे पाऊल असते, त्यामुळे पाण्यात ओढताना सबंध अंग डावीउजवीकडे झुलते. चौथी दिसावयास अगदीच निर्गुण, नुसती पेन्सिलीसारखी कांडी. गॅरी यामामोतो यांनी काढलेली ही 'सेंको' मिठाने इतकी भरलेली असते, की ती वजनाशिवायही हळूहळू बुडते आणि बुडताना तिची दोन्ही टोके थरथरतात. माशाच्या दोन्ही कुशींवरून एक पार्श्वरेखा गेलेली असते; पाण्यातील बारीकसारीक कंप त्यास तिच्यायोगे कळतात. म्हणजे गढूळ पाण्यातही हे नाटक वाया जात नाही.

हा सारा खटाटोप मुळात बास या अमेरिकन माशाकरिता. मोठ्या तोंडाचा हा मासा गोड्या पाण्यात, झाडोऱ्याच्या आडोशाने दबा धरून बसतो. आपल्या उल्हासेत, पेजेत वा पाताळगंगेत तो नाही. पेण-अलिबागकडील खाड्यांतल्या जिताड्यास इंग्रजीत समुद्री बास म्हणतात खरे, पण ते नाते केवळ नावाचे. त्याच्यासाठी नातवाने ती झुलती मासोळी राखून ठेवली होती. कर्जत-खालापूरच्या तळ्यांत बासासारखाच दबा धरून बसणारी आहे ती मरळ. आणि मरळीसाठी त्याची सर्वांत आवडती वस्तू म्हणजे तो बेडूक. हा बेडूक आतून पोकळ असतो. त्याचे दोन्ही आकडे पाठीशी असे दडलेले, की पाणवेलींवरून ओढला तरी कोठे गुंतत नाही. मासा चावला की पोकळ अंग दबते आणि आकडे उघडे पडतात. युक्ती खरोखर पाहण्याजोगी आहे.

मग मीही माझी पेटी उघडली, म्हणजे पुस्तकाची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. (हे कल्याण म्हणजे आपल्या उल्हासेच्या वाटेवरचे नव्हे, ते कर्नाटकातील आजचे बसवकल्याण.) बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो छापून आपणांवर मोठे उपकार केले आहेत. राजाने करावयाच्या विनोदांत त्याने 'मत्स्यविनोद' असे सबंध प्रकरणच घातले आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्या कोठे राहतात, कोणत्या माशास कोणता चारा घालावा, गळ आणि दोरी कशी असावी, हे सारे त्यात आहे. नातू डोळे विस्फारून ऐकत होता. "म्हणजे आजोबा, आपल्या शास्त्रातच आहे की हे!" शास्त्रात असलेले सर्वच करावयाचे नसते, हे मी त्यास सांगितले, पण खरे सांगावयाचे तर माझा पक्ष तेव्हाच निम्मा ढिला झाला होता.

तिसऱ्या प्रहरी पावसाने उघडीप दिली, तेव्हा आम्ही दोघे गावाबाहेरच्या एका तळ्यावर गेलो. तळ्याला लागून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे खाचर आहे. तो ठाकरवाडीतला, लावणीसाठी चिखलात उभा होता. मला पाहताच हात धुऊन बांधावर आला.

तळ्याच्या कडेला, कमळाच्या पानांच्या मोकळ्या जागेत, पाण्यावर कोणी चिमूटभर कुंकू सांडावे तसा एक शेंदरी डाग हालत होता. नीट पाहता ती पिल्ले निघाली, बोटाच्या पेराहूनही लहान, शेकड्यांनी, एकमेकांस चिकटून पोहणारी. ती क्षणोक्षणी वर येत व पुन्हा खाली जात. मरळीची जात हवेतून श्वास घेणारी असल्याने तिला वर यावेच लागते. नातवाचे डोळे चमकले. चित्रफितींत त्याने नेमके हेच पाहिले होते, की शेंदरी पुंजका शोधावा आणि बेडूक त्याच्या मधोमध टाकावा. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने चरखी सोडली.

बेडूक पिल्लांपलीकडे पडला आणि ओढला जाऊन त्यांच्यापाशी येतो न येतो, तोच पाणी फुटले. काळपट हिरवे, हातभर लांबीचे अंग उसळले, बेडूक हवेत उडाला, दोरी सैल पडली. आकडा लागला नव्हता. बेडूक ओढून घेतला तो एका पायाने लंगडा होऊन आला.

"पुन्हा टाकतो," नातू म्हणाला.

"नको रं दादा," माझा विद्यार्थी शांतपणे म्हणाला. "ती खायला नाय येत. तिची पोरं हायेत ती. पोरांवर कोण आला म्हणून ती धावते."

नातू म्हणाला, "पण मी मारणार नाही. फोटो काढून सोडून देणार."

"तू सोडशील. पण तेवढ्यात बाकीचं मासं पोरं खाऊन टाकतील, त्याचं काय?"

मग तो माझ्याकडे वळून हसला. "गुरुजी, तुम्ही आम्हांला शिकवायचात, मासा जिभेच्या लोभानं मरतो. मला तवाच ठावं होतं, सगळं मासं तसं मरत नाय. पण गुरुजींना कोन सांगनार?"

वाचकहो, हे वाक्य मला त्या बांधावरून घरापर्यंत पुरले. हरिण कानामुळे, हत्ती स्पर्शामुळे, पतंग डोळ्यांमुळे, भुंगा नाकामुळे आणि मासा जिभेमुळे नाश पावतो, हा सुभाषिताचा आशय मी तेहतीस वर्षे फळ्यापाशी उभा राहून शिकविला. आमिष म्हणजे लोभ आणि लोभाचे फळ मृत्यू, हे समीकरण मला इतके पाठ होते, की ते तपासून पाहावे असे कधी वाटलेच नाही. मागल्या बाकावरच्या ठाकराच्या मुलाने ते तळ्याकाठी कधीच तपासले होते. त्या मरळीला बेडकाची भूक नव्हती. तिला जिभेने ओढले नाही, मायेने ओढले. असल्या वेळी आपण जे पाण्यात टाकतो त्यास आमिष म्हणणेही चूक. ती लेकुरवाळीच्या दारात जाऊन केलेली कुरापत होय.

माझ्या विद्यार्थ्याने स्वतःचाही दोष लपविला नाही. घरात धान्य नसे तेव्हा पिल्लांवरची मरळ आम्हीही काढली, असे तो म्हणाला. पण ज्या साली काढली त्याच्या पुढल्या साली तळे ओस असे. भुकेल्याने काढणे आणि भरल्या पोटी खेळासाठी काढणे यांना एकच माप लावण्याचा अधिकार मला नाही. पण ज्याला भूक नाही त्याच्यावरील बंधन अधिक, एवढे तरी निश्चित. ज्या बासासाठी ही सारी खेळणी निघाली, त्याचा नरही अंडी-पिल्ले राखतो. म्हणूनच कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात बऱ्याच ठिकाणी त्या काळात बास धरण्यास मनाई असते. आपल्याकडील कोळी बांधवही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात नाव न घालण्याची चाल पाळीत आले. शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

आता त्या तुटलेल्या पायाविषयी. मानसोल्लासातला चारा माशाने खाल्ला नाही तर पाण्यात विरून जाई. हे मऊ प्लास्टिक तसे विरत नाही. पी.व्ही.सी.च्या भुकटीत तेलासारखे द्रव्य मिसळून व तापवून ते ओततात. त्या द्रव्यानेच त्यास मार्दव येते. तुटलेले तुकडे तळाशी पडून राहतात आणि मासे ते गिळतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ब्रूक ट्राउट माशांनी असे तुकडे आपण होऊन गिळल्याचे व त्यामुळे त्यांच्या वाढीवर परिणाम झाल्याचे आढळले. मेन राज्याच्या विधिमंडळापुढे २०१३ साली अशा आमिषांच्या बंदीचे विधेयकही आले होते. बंदी मात्र झाली नाही. सोयीची वस्तू सोडणे सर्वांनाच जड जाते.

रात्री निकाल दिला तो असा. पेटी दसऱ्यापर्यंत माळ्यावर राहील. त्यानंतर जावयाचे असेल तर आकड्यांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करावे, म्हणजे सोडताना माशाचे तोंड फाटणार नाही. जितके नग घरून निघाले तितके मोजून घरी यावेत. तुटका तुकडाही खिशात यावा, पाण्यात राहू नये. मोरब्यासारख्या पिण्याच्या पाण्याच्या धरणावर जाऊ नये. आणि शेंदरी पुंजका दिसला तर, मग महिना कोणताही असो, दोरी गुंडाळून मागे फिरावे.

सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पण ज्याला खायचं नाही, त्याच्या तोंडात आकडा घालायचाच कशाला?" त्याचे उत्तर मला देता आले नाही. मी ते नातवाकडे सोपविले आहे. दसऱ्याला अजून अवकाश आहे.

पुढच्या रविवारी तो काठी न घेताच तळ्यावर गेला. पिल्ले होती. थोडी मोठी झाली होती, शेंदरी रंग उतरून अंगावर काळसर झाक येऊ लागली होती, आणि खाली ती उभी होती. गुडघाभर पाण्यात उतरून त्याने कड सगळी चाचपली, पण बेडकाचा पाय काही अद्याप सापडलेला नाही.