निळा देव, काळा राक्षस

मुलांच्या चित्रकथा आणि कार्टून हा काही गंभीर चर्चेचा विषय नव्हे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. मूल घटकाभर रमते आणि मग विसरून जाते. त्यात संस्कार कसले शोधायचे, असे विचारले जाते. गंमत अशी की, हीच मंडळी चित्रकथांमुळे मुलांना पुराणे कळतात, असेही अभिमानाने सांगत असतात. चित्रांतले चांगले तेवढे मनात मुरते आणि वाईट मात्र वाहून जाते, असे मानायला आधार कोणता?

अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’चे उदाहरण घेऊ. शहरी भारतीय मुलांच्या कित्येक पिढ्यांना रामायण-महाभारताची ओळख या मालिकेने करून दिली, हे श्रेय तिच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. परंतु तिच्यातील रंगांची वाटणी पाहावी. राम आणि कृष्ण निळे, राजकन्या गोऱ्यापान आणि राक्षस बहुधा काळे किंवा तपकिरी. वस्तुतः राम-कृष्ण हे परंपरेने श्यामवर्ण आहेत. कृष्ण या शब्दाचा अर्थच मुळी काळा. द्रौपदीलाही तिच्या वर्णावरून ‘कृष्णा’ हे नाव मिळाले. निळा रंग हा चित्रकलेतील जुना संकेत आहे, हे मान्य. पण संकेत कळतो तो प्रौढांना. मुलाला दिसते ते एवढेच, की देवाचा रंग कोणाही माणसाच्या कातडीचा नाही आणि राक्षसाचा रंग मात्र आपल्या हाताच्या रंगाशी जुळतो. देवाचे काळेपण झाकले गेले; राक्षसाचे तेवढे उघडे राहिले.

दूरचित्रवाणीनेही ही वाटणी मोडली नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘छोटा भीम’ने धोतर नेसणारा, लाडवांवर ताव मारणारा देशी नायक मुलांना दिला, ही स्वागतार्हच गोष्ट. परंतु त्याच ढोलकपुरात नायकाचा मत्सर करणाऱ्या दांडगट मुलाचे नाव ‘कालिया’ असावे आणि राजकन्या इंदुमती मात्र गोरी असावी, याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. पश्चिमेची कथा वेगळी नाही. डिस्नेच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची नायिका, १९३७ ची हिमगौरी, आपले गोरेपण नावातच मिरवते. त्याच संस्थेच्या चित्रपटात पहिली कृष्णवर्णी राजकन्या यायला २००९ साल उजाडावे लागले.

याचा परिणाम काय होतो? केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात कृष्णवर्णी मुलांपुढे केवळ रंगाने भिन्न अशा बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. आणि ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारताच काही मुले रडू लागली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवताना या संशोधनाची दखल घेतली. आपल्याकडे असा प्रयोग शाळांच्या स्नेहसंमेलनांतून सहज घडत असतो. सीतेसाठी गोरी मुलगी निवडली जाते, राक्षसाच्या भूमिकेसाठी वर्गातला काळा मुलगा पुढे केला जातो. आणि तोही हसत हसत ती स्वीकारतो. त्या हसण्यात त्याने स्वतःविषयी काय मान्य केले, हे कोणी विचारत नाही. पुढे गोरेपणाची क्रीमे विकणाऱ्यांना फारसे श्रम पडत नाहीत. जमीन आधीच नांगरलेली असते.

मग चित्रांवर बंदी घालावी काय? मुळीच नाही. नायक सक्तीने काळे रंगवावेत, असेही कोणी म्हणत नाही. मागणी अगदी साधी आहे : रंगाचा आणि शीलाचा लावलेला संबंध तोडावा. हा विचार कुठून आयात करण्याचीही गरज नाही. पंढरपूरचा विठोबा काळ्या पाषाणाचा आहे. संतांनी त्याला सावळा म्हटले ते त्याच्या वर्णाची क्षमा मागण्यासाठी नव्हे, तर त्या रूपाच्या ओढीने. ज्या परंपरेने काळ्या रंगावर एवढे प्रेम केले, तिच्याच नावाने चित्रे काढणाऱ्यांनी देव रंगवताना तो रंग टाळावा आणि राक्षसासाठी राखून ठेवावा, हा त्या परंपरेचाही अपमान आहे आणि ती चित्रे पाहणाऱ्या सावळ्या मुलांचाही.