पॅच हाही अस्सल कागदच

१/ इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास सहसा यंत्रांच्या आणि तबकड्यांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु मॉड्युलर सिंथेसायझर मैफलीत वाजवणाऱ्याची खरी रचना यंत्रात नसते आणि तबकडीतही नसते. ती पॅचमध्ये असते. इतिहासाच्या नेमक्या याच साधनाची आपण सर्वाधिक हेळसांड केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२/ पॅच म्हणजे काय? मॉड्युलर यंत्रात प्रत्येक कामाचा खण वेगळा असतो. एक ध्वनी निर्माण करतो, दुसरा त्यातील कंपने गाळतो, तिसरा आवाजाची पातळी सांभाळतो, चौथा ठरावीक क्रमाने व्होल्टेज पुरवतो. वादक हे खण तारांनी परस्परांना जोडतो. ती जोडणी म्हणजे पॅच. एक तार हलवली की तेच यंत्र निराळे वाद्य होते.

३/ १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने पहिला नमुना घडवला. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला हे मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमन सेंडर यांच्यासाठी यंत्र रचत होते. मूग यांनी पियानोसारख्या पट्ट्या स्वीकारल्या. बुकला यांनी त्या नाकारून स्पर्शाने चालणाऱ्या धातूच्या पट्ट्या दिल्या. त्यांच्या एका खणाचे नावच ‘सोर्स ऑफ अनसर्टन्टी’, म्हणजे अनिश्चिततेचा उगम!

४/ स्टुडिओत सवड असते. वेंडी कार्लोस यांची १९६८ ची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही तबकडी एकेक स्वररेषा फितीवर चढवत सिद्ध झाली. श्रोत्यांसमोर ही चैन परवडत नाही. २८ ऑगस्ट १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या उद्यानात मूग यंत्रांची मैफल झाली, तेव्हा आधी ठरवलेले ध्वनी चटकन मिळावेत म्हणून यंत्रांना खास जोड द्यावी लागली.

५/ म्हणून मैफलीचा पॅच बांधणे ही पूर्वविचाराची कला आहे. काय पक्के ठेवायचे आणि काय मोकळे सोडायचे, हे आधीच ठरवावे लागते. लयीचा ठोका एकाच उगमातून घेऊन सर्वत्र वाटावा लागतो. प्रत्येक ध्वनीच्या वाटेवर पातळीचा पहारेकरी बसवावा लागतो, म्हणजे शांतता हाताशी राहते. यदृच्छेने बदलणाऱ्या व्होल्टेजला मर्यादा घालावी लागते. ठोक्याची तार चुकून निघाली, तर अवघी मैफल जागच्या जागी थिजते.

६/ या विद्येचा एक मोलाचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. सुझान चियानी यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बुकलावर मैफली केल्या आणि पुढच्याच वर्षी अनुदान देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला आपल्या वादनतंत्राचा सविस्तर अहवाल सादर केला. त्या मैफलींचे ध्वनिमुद्रण २०१६ मध्ये प्रकाशित झाले. मुद्रण आणि अहवाल एकत्र ठेवले, की काय वाजले आणि ते तसे का वाजले, हे दोन्ही उमगते.

७/ १९७८ मध्ये ‘प्रॉफेट-५’ आला. तयार केलेला ध्वनी यंत्राच्या स्मृतीत साठवून एका कळीने परत मिळू लागला. गंमत अशी की, या साठवलेल्या ध्वनीलाही लोक ‘पॅच’च म्हणत राहिले. तारा गेल्या, शब्द उरला.

८/ आता आपल्या देशाकडे वळू. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्रासह स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी तेथे प्रयोग केले. त्या फिती पॉल पर्गस यांनी संस्थेच्या संग्रहातून उजेडात आणल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. हा केवढा ठेवा! तरी कोणती तार कोठे होती, हे नुसत्या ध्वनीवरून निश्चित सांगता येत नाही. एकच नाद अनेक जोडण्यांतून उमटू शकतो.

९/ यावर आक्षेप येतो: पॅचचे सौंदर्य त्याच्या क्षणभंगुरतेतच आहे, मग तो नोंदवून का गोठवायचा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु भातखंडे यांनी घराण्यांतल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, म्हणून गायन गोठले नाही. स्वरलिपीत गाणे मावत नाही, हे तेही जाणून होते. तरीही त्यांनी ती लिहिली, कारण गवयाबरोबर बंदिशही जावी हे त्यांना मान्य नव्हते. मैफल क्षणभंगुर असावी. तिच्यामागची विद्या का असावी?

१०/ १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीच्या डोएप्फर यांनी ‘युरोरॅक’ हा आटोपशीर साचा रूढ केला आणि तारांचे जग पुन्हा बहरले. आज तुमच्यापैकी कोणी असे पॅच बांधत असेल, तर एवढे करा: मैफलीपूर्वी जोडणीचा आराखडा काढा, प्रत्येक तारेचे प्रयोजन एका ओळीत लिहा, आणि मंचावर काय बदलले ते त्याच रात्री टिपून ठेवा. केवळ छायाचित्र पुरत नाही. तारांच्या गुंत्यात हेतू दिसत नाही.

११/ बखर आणि अस्सल पत्र यांतला भेद आपण जाणतो. ध्वनिमुद्रण घडलेले ऐकवते, आराखडा ते कसे घडवले ते सांगतो. पन्नास वर्षांनी कोणी आपल्या काळाची दप्तरे उघडील, तेव्हा त्याच्या हाती केवळ नाद लागू नये. बहुत काय लिहिणे, आपण सूज्ञ असा.