वळकटी सोडायला लावणारा दादा



‘आजच्या मुलांना शिक्षणाची किंमत नाही’ हे पत्र वाचले. लेखकांची कळकळ खरी आहे, पण दोष सगळा मुलांच्या माथी मारणे मला पटत नाही. त्यांना ही किंमत कोणी जवळ बसून सांगितली?

आपल्याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे नागसेनवनातले मिलिंद. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली कितीतरी मुले तिथे घडली. अशा मुलाला घरून प्रेम मिळते, पण अभ्यासातली वाट दाखवायला तिथे कोणी नसते. ती वरच्या वर्गातलाच दाखवू शकतो.

मी अकरावीत नापास झालो तेव्हा गावी परतायला वळकटी बांधली होती. वसतिगृहात शेजारच्या खोलीतल्या बी. ए.च्या दादाने ती सोडायला लावली. रोज रात्री जेवणानंतर तो माझ्याकडून इंग्रजीचा एक उतारा मोठ्याने वाचून घेई. चुकलो तर हसत नसे, ‘पुन्हा वाच’ एवढेच म्हणे. शिष्यवृत्तीचा अर्ज आधी पेन्सिलने भरायलाही त्यानेच शिकवले.

पत्रलेखकांना विनंती आहे, आपल्या घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना रविवारी तासभर गल्लीतल्या दहावीच्या एखाद्या पोराशेजारी बसवा.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर